यादीतलं पाचवं मशीन

जत तालुक्यातलं आमचं गाव. आई-वडील मेंढरांमागं आणि मी टँकरच्या रांगेत, घागरींशेजारी पुस्तक उघडून. घरातली पहिली ग्रॅज्युएट मीच, हे सांगताना मला संकोच नाही. भुताखेतांचं कुणी बोललं की तोंडावर म्हणायचे, "पुरावा दाखवा." आज माझ्याकडेच तो नाही...

सांगलीतल्या ज्या वसतिगृहात राहून शिकले, तिथलंच ऑफिस आता मी सांभाळते. माझ्याआधी तिथं अण्णा क्लार्क होते. माझा प्रवेशाचा अर्ज त्यांनीच बसून भरला होता. दोन वर्षांपूर्वी ते वारले.

गेल्या खंडेनवमीची गोष्ट. वसतिगृह-प्रवेशाच्या दुसऱ्या फेरीची यादी एक वाजायच्या आत वरच्या ऑफिसला पाठवायची होती, नाहीतर अकरा मुलींच्या जागा रद्द. सकाळी दहाला माझ्या कॉम्प्युटरवर फाइल उघडली तर वर लाल पट्टी — लायसन्स ॲक्टिव्ह नाही! फाइल दिसत होती, पण एक अक्षर टाइप होईना.

सबस्क्रिप्शन तर चालू होतं. सॉफ्टवेअर काढून परत टाकलं. तोच एरर : पाच मशीनची मर्यादा संपली. अकाउंटवरची यादी बघितली. ऑफिसची चार मशीन बरोबर होती. पाचव्या, म्हणजे माझ्या जागी नाव होतं 'अण्णा'. शेवटचा वापर — आत्ता.

तीनदा ते नाव काढलं. तीनदा परत आलं.

शिपाई तातोबामामा पूजेचं ताट घेऊन आले.

"मामा, अण्णांचं मशीन कुठंय?"

"माळ्यावर. त्याची डिस्क तुमीच काढून घेतलीसा न्हवं?" खरं होतं. "आवं मॅडम, आज हत्यारं पुजायची, चालवायची न्हाईत. त्यात अण्णांच्या मशीनला दोन वर्सं कुनी हळद-कुकू लावल्यालं न्हाई."

"हळदीनं लायसन्स येतं व्हय?"

"तुमच्या डिग्रीनं तरी कुठं आलंय?"

झोंबलं मला. म्हटलं, डोळ्यांनी बघूनच येते. माळ्यावर चढले, मामा ताट घेऊन मागोमाग. मशीनला वायर नाही, डिस्कची जागा रिकामी. ओढणीनं धूळ पुसली. मामांनी हळद-कुंकू वाहिलं. आणि माझ्या तोंडून निघून गेलं, "अण्णा, अकरा पोरी हायत. सोडा आता."

खाली आले तर लाल पट्टी गायब. अकाउंटवर नोंद होती : 'अण्णा' — साइन आउट, ११:४२, त्याच मशीनवरून.

हेल्पलाइनवाला म्हणाला, "मॅडम, असं होऊच शकत नाही." मीही तेच म्हणते. पण झालं. कसं, ते आजही सांगता येत नाही.

यादी पावणेएकला गेली. अकराही मुलींना जागा मिळाली.