एका आवाजाचे तीन मेंढवाडे

म्हसवडच्या पुढं माळावर एक वस्ती आहे आणि वस्तीला जिल्हा परिषदेची दोन खोल्यांची शाळा आहे. दीपमालाबाई तिथं पहिली-दुसरीला शिकवतात. बाई मूळच्या कराडकडच्या, उसाच्या पट्ट्यातल्या. नवरा फौजेत, म्हणून सासू मनुबाई आणि मुलगा जयराज यांच्यासह त्या म्हसवडात भाड्यानं राहतात. बदलीवर आल्या तेव्हा दोन वर्षं कशीबशी काढायची नि निघायचं, असं ठरवूनच आल्या होत्या. पण बाईंना एक खोड आहे. हातात घेतलेलं काम त्यांना वाईट करता येत नाही. ही खोड नोकरीत महागात पडते, हे त्यांना कुणी वेळेवर सांगितलं नाही.

झालं असं, की एका प्रशिक्षणात इंग्रजी वाचनाची नवी रीत निघाली. 'ई' हा आवाज एकच, पण इंग्रज तो कधी डबल ई लिहितो, कधी ई-ए, तर कधी ई-वाय. शीपमध्ये एक, टीमध्ये दुसरं, कीमध्ये तिसरं. साहेबांनी पडद्यावर रंगीत चित्रं दाखवली, चहा झाला, सगळे घरी गेले. दुसऱ्या दिवशी वर्गातल्या चिल्ल्यापिल्ल्यांनी "पन बाई, असं का?" म्हणून विचारलं, तेव्हा बाईंकडं उत्तर नव्हतं. खरं तर इंग्रजांकडंही नसावं.

उत्तर त्यांना तळ्यावर सापडलं. संध्याकाळी सगळ्या घरांची मेंढरं तिथं पाण्यावर येतात आणि एकात एक मिसळतात. ओरडतात सगळी सारखीच. पण प्रत्येक घराच्या मेंढराला पाठीवर रंगाचा वेगळा पट्टा असतो, आणि वस्तीतलं शेंबडं पोरसुद्धा पट्टा बघून मेंढरू ज्याच्या त्याच्या कळपात हाकलतं. बाईंनी शाळेच्या अंगणात रंगीत खडूंनी तीन मेंढवाडे आखले. लाल डबल ईचा, निळा ई-एचा, हिरवा ई-वायचा. पोरांच्या गळ्यात शब्दांच्या पाट्या अडकवल्या आणि "ई!" अशी हाळी दिली. एकच गलका झाला आणि 'ट्री' लाल वाड्यात, 'लीफ' निळ्यात, 'मंकी' हिरव्यात जाऊन उभी राहिली. पहिलीतली प्रांजल, बिराप्पाची मुलगी, सगळ्यांत चलाख. चुकलेल्या पोराला ती कानाला धरून त्याच्या वाड्यात सोडून यायची. दिवाळीपर्यंत पोरं गोष्टीचं इंग्रजी पुस्तक घडाघडा वाचायला लागली.

केंद्रप्रमुखांनी व्हिडिओ काढला, तो तालुकाभर फिरला, बाईंना शाल-नारळ मिळाला. आणि वस्तीनं त्यातून मोठा शहाणपणाचा निष्कर्ष काढला: पोरं एवढं इंग्रजी वाचतात, तर त्यांना मराठी शाळेत कशाला सडवायचं? म्हसवडात नवी इंग्लिश मीडियमची शाळा निघाली होती. तिथं मुलाखतीला जायचं, पुस्तक वाचून दाखवायचं, की पोरगं पिवळ्या बसमध्ये. बाई जितकं चांगलं शिकवीत, तितकी बस भरत गेली. शाळेचा पट विसावर येऊन टेकला. त्याखाली गेला तर शाळा बंद, असं वरून कानावर येत होतं. बाईंना अन्न गोड लागेना. जिथून कधी एकदा सुटते असं झालं होतं, त्याच शाळेत त्यांचा जीव अडकला होता.

मग बाईंनी वाईट शिकवायचं ठरवलं. नव्या वर्षी लाल वाडा तेवढा आखला. पोरं अर्धवट राहिली म्हणजे कुणी नेणार नाही, असा हिशेब. आता दुसरीत गेलेल्या प्रांजलनं उरलेले दोन वाडे स्वतःच आखायला घेतले. "बाई, तुमी इसरलासा. बाकीची मेंढरं कुटं जानार?" बाईंनी तिच्या हातातला खडू घेतला आणि तिची वाकडी रेघ सरळ केली.

त्याच आठवड्यात कळलं, की बिराप्पा प्रांजलला मुलाखतीला घेऊन गेला होता. बाई तडक त्याच्या घरी गेल्या.

"बिराप्पादादा, तिला नेऊ नका. ती गेली तर पट तुटतो, शाळा जाईल."

"तुमचं खरं हाय बाई. पर एक इचारू? राग न्हाई ना धरनार?"

"विचारा."

"तुमचा जयराज कंच्या साळंत हाय?"

जयराज त्याच इंग्लिश मीडियमला दुसरीत होता. वस्तीला हे ठाऊक नसेल, असं बाई आजवर धरून चालल्या होत्या. त्या उठल्या आणि स्कूटीला किल्ली लावली.

घरी येऊन त्यांनी जयराजचं नाव काढायचं जाहीर केलं. मनुबाईंनी कपाळावर हात मारला. "डोस्कं फिरलं का गं तुजं? लोकं पोरं तिकडं घालत्यात, आन तू काढतीस?"

"आत्या, माझी शाळा चांगली म्हणून लोकांना सांगते. माझ्याच पोराला ती नको, हे कुठल्या तोंडानं सांगू?"

दुसऱ्या दिवसापासून जयराज आईच्या स्कूटीवर मागं बसून माळावर येऊ लागला. पट एकानं वाढला. बाईंची मान कितीतरी दिवसांनी ताठ झाली. आता कोण काय बोलतंय ते बघू, असं त्यांना वाटत होतं.

सोमवारी बिराप्पा आला. धुतलेला फेटा, हातात पेढ्यांचा पुडा, मागं नव्या गणवेशात, गळ्यात टाय बांधलेली प्रांजल.

"पोरीनं समदं वाचलं हुतं बाई. पर तिकडचे म्हनले, दुसरीत जागा न्हाई, एखांदं पोरगं निगालं तर बगू. आन परवा फोन आला की, जागा झाली म्हून." त्यानं पुडा पुढं केला. "ती जागा जयराजची, हे बी कळलं मला. माज्या पोरीसाठी तुमी सोताच्या पोराला काढलं. सख्खं बी असं करत न्हाई." आणि तो वाकून बाईंच्या पाया पडला.

बाईंनी तोंड उघडलं. प्रांजल जावी म्हणून नव्हे, राहावी म्हणून जयराजला काढलं, असं त्यांना ओरडून सांगायचं होतं. पण प्रांजल टाय दोन्ही हातांनी धरून त्यांच्याकडं बघत उभी होती, तोंडभर हसत.

"नीट शिक गं," बाई म्हणाल्या आणि पेढा घेतला.

ही बातमी वस्तीभर व्हायला वेळ लागला नाही. मधल्या सुट्टीत बनाबाई आपल्या पप्पूला ओढत घेऊन आली. पप्पू पहिलीत.

"बाई, तुमचं लय वजन हाय म्हनं तिकडं. आमच्या पप्पूचं बी बगा की तेवढं."

"अहो, पण त्याला अजून वाचता कुठं येतंय?"

"तुमी शिकिवल्याव यील की!"

बाईंच्या डोळ्यांत टचकन पाणी आलं. बनाबाईला वाटलं, कौतुकानं आलं.