चिडचिडीसकट खुला केलेला कोड

पंचवीसेक वर्षांपूर्वी घाटकोपरच्या आमच्या दोन खोल्यांत बसून मी एक प्रोग्राम लिहिला. मराठी मजकूर टाइप करायचा, तो ब्रेलमध्ये छापून निघायचा. अंधांच्या शाळेत शिकवणाऱ्या माझ्या मैत्रिणीला तो हवा होता. ती स्वतःही अंध. तिच्या मुलांची गोष्टींची पुस्तकं त्याच्यावरच निघायची.

यंदा शाळेतला जुना कॉम्प्युटर कायमचा बसला आणि नव्यावर प्रोग्राम सुरूच होईना. मी आठवडाभर डोकं आपटलं. स्वतःचाच कोड मला ओळख देईना. मुलांची पुस्तकं बंद पडली, आणि माझ्यामुळे पडली, हे मला सहन होत नव्हतं. शेवटी मैत्रीण म्हणाली, कोड नेटवर खुला टाक, कोणीतरी उठेल.

माझी ना नव्हती. पण कोडच्या मध्ये मध्ये मी स्वतःसाठी टिपा लिहिल्या होत्या, त्या वाचून घामच फुटला. ‘कुकर झाला. इथे काय करत होते विसरले.’ ‘हे का चालतं देव जाणे. हात लावशील तर वाट लागेल.’ एक तर सरळ नवऱ्याला घातलेली शिवी. सगळ्या पुसायला घेतल्या, तर मैत्रीणबाईंनी फोनवर मला झापलं: दुरुस्त करणाऱ्याला त्याच वाट दाखवतील. तुझी अब्रू मोठी की माझी पोरं? ठेवल्या मग, शिवीसकट.

राहिलं लायसन्स, म्हणजे कोड कोणी कसा वापरायचा त्याच्या अटी. मी आपली सोपं निवडत होते: घ्या, वाट्टेल ते करा. तिनं विचारलं, “उद्या कोणी सुधारून त्याला कुलूप घातलं, तर मी परत तुझ्या दारात येऊ?” मुद्दा बरोबर होता. म्हणून दुसरं घेतलं: वापरा, बदला, पण बदललेलं पुढे द्याल तेव्हा त्याचाही कोड असाच खुला द्या.

महिन्याभरात नागपूरच्या एका अनोळखी बाईनं प्रोग्राम नव्या कॉम्प्युटरवर चालवून दाखवला. तिनं लिहिलं होतं, “जिथे जिथे तुम्ही चिडला होतात, तिथे तिथे गडबड सापडली.” मी घरभर नाचले. साठीला टेकलेली बाई, खरंच नाचले. नवऱ्यानं विचारलं, माझ्या शिवीपाशी काय निघालं? सगळ्यात मोठी चूक तिथेच होती.

शाळेत गेले तेव्हा छापून निघालेलं पहिलं पान मैत्रिणीच्या हातात होतं. मला वाटलं, गोष्टीचं असेल. तिनं बोटं फिरवत मोठ्यानं वाचलं, “सासूबाई दुपारच्या झोपल्यात. आता बघतेच, कसं चालत नाही ते.”

कोडमधली माझीच टीप, चाचणीला छापलेली.

“चाललं गं,” ती म्हणाली, आणि मुलांचं पुस्तक छापायला लावलं.