आत मायनस, बाहेर प्लस

पिन बसली म्हणजे अडॅप्टर बरोबर, असं समजणाऱ्या माणसाला ज्योत्स्नाबाई खंडारे माणसात धरत नसत. आणि अमरावती-अकोल्याकडे अशा लोकांचा कधी तुटवडा नव्हता. चाळिशी ओलांडलेले, पोट सुटलेले हे गृहस्थ एखाद्या रविवारी माळ्यावरच्या पेटीतून लहानपणीचा टीव्ही गेम काढायचे, कॅसेटवर फुंकर मारायचे, डोळ्यांत पाणीबिणी आणायचे, आणि मूळ अडॅप्टर सापडत नाही म्हटल्यावर घरात जे काही काळं आणि चौकोनी दिसेल ते लावून मोकळे व्हायचे. बंद पडलेल्या डिशच्या छत्रीचा अडॅप्टर. वाय-फायच्या डब्याचा. एका शहाण्याने तर मेव्हण्याने अमेरिकेतून आणलेला गेम त्याच्या मूळ अडॅप्टरसकट भिंतीत लावला. तिकडची वीज एकशेदहा व्होल्टची आणि आपली दोनशेतीसची, हे त्याला आवाज झाल्यावर कळलं.

पण सगळ्यांच्या वरताण म्हणजे फवारणीच्या चार्जिंग पंपाचा चार्जर. वऱ्हाडात तो पंप नाही असं शेतकऱ्याचं घर शोधून सापडायचं नाही, आणि त्याची पिन जुन्या गेमच्या भोकात अगदी चपखल जाते. जाते म्हणून लावतात. मग गेममधून वास येतो, आणि वास आला की ज्योत्स्नाबाईंची आठवण येते.

बाई राहायच्या अमरावतीत, फ्रेजरपुऱ्यात. बावीस वर्षं त्यांनी स्टॅबिलायझरच्या एका कारखान्यात कॉईल गुंडाळल्या होत्या. हाताखालून एवढी तांब्याची तार गेली होती की डोळे मिटून तिची जाडी सांगायच्या. डिप्लोमावाले साहेब येऊन हळूच विचारायचे, "ताई, हे बरोबर आहे ना?" तेव्हापासून डिप्लोमा या शब्दाला बाईंनी जे नाक मुरडलं ते आजतागायत सरळ झालेलं नव्हतं. कारखाना बंद पडला. बाकीच्या बाया पापड-लोणच्याकडे वळल्या, बाईंनी मात्र पुढच्या खोलीत टेबल मांडलं. भाचा सुगत एकदा आपला मेलेला टीव्ही गेम घेऊन आला, त्याला त्यांनी एक अडॅप्टर बनवून दिला. त्याने त्याचा फोटो कुठल्या तरी ग्रुपवर टाकला, आणि तिथून पुढे वरूडपासून अकोल्यापर्यंतचे सगळे हौशी लोक बाईंच्या उंबऱ्यावर चपला काढू लागले.

बाईंचा अडॅप्टर म्हणजे हातात घेतला की मनगट खाली जाईल असं काम. आत अस्सल तांबं, अस्सल पत्रे. बाजारातले रिकाम्या काडेपेटीसारखे हलके अडॅप्टर कोणी दाखवले की त्या ते दोन बोटांत, मेलेला उंदीर धरावा तसे धरायच्या. प्रत्येक नग मीटरवर तपासायचा, मग गाडीचा बल्ब लावून दोन तास चालवायचा, मगच गिऱ्हाइकाच्या हातात. आणि तोही फुकाफुकी नाही. हे जुने गेम बहुतेक उलट्या स्वभावाचे. आजकालच्या अडॅप्टरच्या पिनेत आत प्लस आणि बाहेर मायनस असतो, यांना नेमकं उलट लागतं. म्हणून गिऱ्हाइकाला उभं करून बाई विचारायच्या, "आत काय?"

"मायनस."

"बाहेर?"

"प्लस."

हे न अडखळता म्हटल्याशिवाय अडॅप्टर मिळत नसे. बार्शीटाकळीचे देवीदास मास्तर दोनदा चुकले होते. अठरा वर्षं शाळेत शिकवलेला माणूस, चार गिऱ्हाइकांसमोर दोनदा उलटं बोलला. "पोराईले काय शिकवता बापा तुमी?" बाई म्हणाल्या. "का पोरंच तुमाले शिकवते?" सगळे हसले. मास्तरांचे कान लाल झाले. तिसऱ्यांदा बरोबर म्हणून, अडॅप्टर घेऊन ते गेले ते मागे न बघता गेले. बाईंनी फोनमध्ये त्यांचा नंबर 'बार्शीटाकळी मास्तर फेल' म्हणून ठेवला. इतरांचेही असेच होते, 'परतवाडा वासवाला', 'वरूड पंपवाला'. माणसाचं नाव लक्षात ठेवण्याएवढी त्याची लायकी असावी लागते, असं त्यांचं म्हणणं.

"कावून एवढी बोलते लोकाईले?" त्यांचे यजमान देवमन, पोस्टातून रिटायर झालेले, कधीतरी दबकत विचारायचे.

"नाई बोललं तर मरतीन," बाई म्हणायच्या. आणि त्यात खोटं काही नव्हतं.

बाईंच्या अडॅप्टरमध्ये एक जिन्नस असा होता की जो तपासता येत नाही. कॉईलला चिकटवून त्या एक छोटा थर्मल फ्यूज बसवायच्या. कॉईल एकशेतीस डिग्रीच्या वर तापली की हा फ्यूज आतल्या आत उडतो आणि वीज तोडतो, कायमची. एकदा उडला की संपला. म्हणजे तो खरा आहे की नाही हे बघायचं तर त्याला मारावंच लागतं. शिवाय तो इतका नाजूक की सोल्डर मारतानाच्या उष्णतेनेही उडायचा. दहा बसवले की दोन तरी हातातच जायचे, आणि बाई स्वतःलाच शिव्या घालत नवीन लावायच्या.

मागच्या दिवाळीला त्यांनी अकोल्याच्या एका दुकानातून नवीन पाकीट मागवलं. त्यातला एकही फ्यूज सोल्डर मारताना उडला नाही. दहात शून्य. विसात शून्य. बाई टेबलामागून देवमनजींना म्हणाल्या, "पाह्यलं? आता हात बसला." एकोणसाठाव्या वर्षी हात आणखी सुधारतो हे आपल्याच बाबतीत घडू शकतं, याबद्दल त्यांना यत्किंचितही शंका आली नाही. उलट दोन दिवस त्या चक्क प्रसन्न होत्या.

फाल्गुनात एका सकाळी वरूडचा गोपाल आला. संत्र्याचा बगीचा असलेला, तिशीतला गडी. पिशवीतून त्याने जे काढलं ते अडॅप्टर होतं हे ओळखायला बाईंना क्षणभर लागला. डबा वितळून एका बाजूला ओघळला होता.

"ताई, जळला," तो म्हणाला.

"जळला नाई, तू जाळला. कायले लावला होता?"

"गेमले."

"खरं सांग."

गोपालने जमिनीकडे पाहिलं. "पंपाचा चार्जर खराब झाला होता. बगीच्यात फवारा मारायचा होता. म्हटलं, पिन तर बसते."

बाईंना हेच पाहिजे होतं. त्यांनी चष्मा काढून टेबलावर ठेवला. "पिन तर बसते! अरे भैताडा, विहिरीतबी तू बसते, म्हून उडी मारशीन काय? पंपाच्या बॅटरीत प्लस आत, माह्या अडॅप्टरात मायनस आत. तू बॅटरीले उलटी तार लावली, कळते का? शेण तरी वास घेऊन उचलते माणूस. तुह्याकडून म्या दोनदा म्हणून घेतलं होतं इथं उभं करून, आत काय, बाहेर काय..."

"चूक झाली, ताई. गोठ्यात ठेवला होता, कडब्याच्या पेंढीजवळ. धूर निघाला म्हून बायको धावली, तिनं बटन बंद केलं. नाईतर..."

"तर मंग बायकोचं डोकं घेऊन फिरत जा, तुह्यं घरी..." बाई बोलता बोलता थांबल्या. "कोणं बंद केलं?"

"बायकोनं."

"आपोआप बंद नाई झाला?"

"नाई. धूर निघून राह्यला होता चांगला पाच मिनिटं."

बाईंनी चष्मा परत लावला. त्यांनी डबा फोडला. कॉईल कोळशासारखी झाली होती, डायोड तडकले होते, तारेवरचं लॅकर उकळून सुकलं होतं. आणि या सगळ्याच्या मधोमध फ्यूज. मीटरच्या दोन सळया त्यांनी त्याच्या दोन टोकांना लावल्या. मीटर वाजला. एवढ्या आगीत फ्यूज शाबूत होता.

पाकिटातला एक नवा काढून त्यांनी तापलेलं सोल्डरिंग आयर्न सरळ त्याच्या अंगावर टेकवलं. तीनशे डिग्रीच्या वरची उष्णता. मीटर वाजतच राहिला. एक मिनिट, दोन मिनिटं. दुसरा घेतला, तिसरा घेतला. मग त्यांनी एकाचा कटरने तुकडा केला. आत स्प्रिंग नाही, वितळणारी गोळी नाही, काहीही नाही. एक साधी सरळ तार, वर सोनेरी टोपण, टोपणावर सुबक अक्षरात एकशेतीस.

म्हणजे हात बसलाबिसला नव्हता. जे उडणारच नव्हतं ते उडालं नाही, आणि आयुष्यभर कुठल्याही छापील अक्षरावर विश्वास न ठेवणारी बाई स्वतःची पाठ थोपटत बसली. कारखान्यातल्या कुठल्याही डिप्लोमावाल्याने ही चूक केली असती तर बाईंनी त्याला निवृत्त होईपर्यंत पुरेल एवढं ऐकवलं असतं. गोपाल मूर्ख होता हे खरंच. पण फ्यूज असतो कोणासाठी? शहाण्याला तो लागतच नाही. मूर्खासाठीच तो बसवायचा असतो, आणि तोच त्यांनी खोटा बसवला होता. बाईंना स्वतःची एवढी किळस याआधी कधी आली नव्हती.

"ताई, दुसरा भेटीन का?" गोपालने घाबरत विचारलं.

"घरी जाय," बाई हळू आवाजात म्हणाल्या. "बायकोले सांग, तिनं लय चांगलं केलं." गोपाल जास्तच घाबरून गेला.

अकोल्याच्या दुकानदाराला फोन केला तर तो म्हणाला, "आजवर कोणाची कंप्लेंट नाई आली, मॅडम." येणार कशी? बाईंचं तरी पाच महिन्यांत कुठे लक्ष गेलं होतं? त्यांनी शिवी द्यायला तोंड उघडलं आणि तसंच मिटून फोन ठेवला.

त्या पाकिटातले एक्केचाळीस अडॅप्टर लोकांच्या घरी होते. गोपालचा जळून आला होता, राहिले चाळीस. बाई दुपारभर फोन घेऊन बसल्या. 'परतवाडा वासवाला'ला सांगायचं म्हणजे त्याचं नाव तरी काय? आधी नाव विचारायचं, मग सांगायचं की अडॅप्टर काढून ठेवा, त्यातला फ्यूज बोगस निघाला, चूक माझी आहे. हे शेवटचे तीन शब्द पहिल्या फोनवर तोंडातून निघेनात. दहाव्या फोनपर्यंत ते सवयीने बाहेर पडू लागले. लोक चांगले वागले, हेच बाईंना जास्त लागलं. "अवो ताई, होते असं," असं कोणीतरी म्हणायचं आणि बाईंच्या अंगाचा तिळपापड व्हायचा. होते असं! यांना वीज म्हणजे काय ते तरी माहीत आहे का? एकाने तर विचारलं, "तुमी आज शिव्या नाई देल्या, तब्येत बरी हाय ना?"

एकोणचाळीस लागले. चाळिसावा लागेना. बार्शीटाकळीच्या मास्तरांनी बाईंचा नंबर ब्लॉक करून टाकला होता. बाईंनी देवमनजींच्या फोनवरून लावला. मास्तरांनी उचलला, बाईंचा आवाज ऐकला, "राँग नंबर," म्हणाले आणि तोही नंबर ब्लॉक केला.

"मी जातो उद्या," देवमनजी म्हणाले.

"तुमी कायले? चूक माही, मीच जाईन."

सकाळच्या एसटीने अकोला, तिथून दुसऱ्या गाडीने बार्शीटाकळी. सगळ्या रस्त्यात बाईंच्या डोळ्यांसमोर एकच चित्र. मास्तरांच्या घरात पोरं गेम खेळताहेत, अडॅप्टर गादीखाली सरकलाय, आणि गादीला धग लागलीय. शाळेजवळ विचारत विचारत त्या घर शोधत गेल्या. मास्तर दारातच उभे होते.

"तुमी?" मास्तर म्हणाले. "आता इथवर शिकवाले आल्या?"

"नाई. माहा अडॅप्टर काढून ठेवा. त्यातला फ्यूज बोगस हाय. तापला तर बंद होत नाई, पेट घेते. चूक माही हाय."

मास्तरांनी आत वळून बायकोला हाक मारली. त्या पदराला हात पुसत आल्या. "पुन्हा सांगा," मास्तर बाईंना म्हणाले.

बाईंनी पुन्हा सांगितलं. शेजारच्या ओट्यावरची एक म्हातारी कान टवकारून ऐकत होती.

मास्तर आत गेले आणि वर्तमानपत्रात गुंडाळलेलं पुडकं घेऊन आले. त्यावर बाईंनीच बांधलेला दोरा होता, गाठसुद्धा सुटलेली नव्हती. "लावलाच नाई," मास्तर म्हणाले. "आणला त्या दिवसापासून कपाटात हाय. तो पाह्यला का तुमचं तोंड डोयासमोर येते. बाजारातून दुसरा आणला."

बाईंनी पुडकं हातात घेतलं. हायसं वाटायला हवं होतं, वाटलं नाही. गोपाल धरून चाळीस जणांनी त्यांच्यावर विश्वास ठेवला आणि चाळीसही जण पाच महिने आगीशेजारी बसले. वाचला तो एकटा, ज्याला त्यांचं तोंड बघवत नव्हतं. एवढा पाणउतारा त्यांचा अख्ख्या जन्मात कोणी केला नव्हता, आणि मास्तरांना तो आपण केल्याचं कळलंही नव्हतं.

आतून गेमची टुणटुण ऐकू येत होती. म्हणजे तो बाजारातला दुसरा या घटकेला चालू होता.

"दाखवता का तो?" बाईंनी विचारलं.

"कायले? नावं ठेवाले?" मास्तर दाराच्या चौकटीत आडवे उभे राहिले.

बाईंच्या जिभेवर सगळं तयार होतं, नेहमीचं. त्यांनी ते गिळलं.

"किती तापते तेवढं हात लावून पाह्यते, मास्तर," त्या म्हणाल्या. "मी काई बोलत नाई."

मास्तर दारातून बाजूला झाले.