कानाशी धरलेला डबा

आक्का गेली, हा फोन आला तेव्हा मी लोहाऱ्याच्या स्टँडवर चार जणांना तिचीच नक्कल करून दाखवत होतो. आक्का पत्र्याचा डबा कानाशी धरून हलवायची आणि डोळे मिटून ऐकायची... तसा माझा हात कानाशी, डोळे मिटलेले, आणि खिशात फोन थरथरला. मंडळी हसत राहिली. त्यांना वाटलं, हाही नकलेतलाच भाग.

आक्का माझी थोरली बहीण. जळकोटला हायवेलगत घर, चार शेळ्या आणि फळीवर तो बिस्किटाचा जुना डबा. ट्रक गेला की फळी हादरायची आणि डबा आपसूक खुळखुळायचा. आत गावभरच्या उरलेल्या गोळ्या! डॉक्टरनं पाच दिवसांच्या दिल्या, दुसऱ्या दिवशी ताप उतरला, की उरलेलं पाकीट आक्काकडे यायचं. वाया घालवणं तिला पटायचं नाही. मग कुणाला ठणका लागला की आक्का डबा हलवणार, ऐकणार आणि एकच कॅप्सूल बाहेर काढणार. "ही लाल-काळी घे. सरपंचाच्या दाढेची हाय, लई गुणाची." शेळीला तीच, जावयाला तीच. जावई एकदा म्हणालाच, "मामी, शेळीची मला दिली, का माझी शेळीला?" आक्का म्हणाली, "गुण आला न्हवं? मग गप बसा."

या डब्याचा सगळ्यात मोठा देणगीदार मी. मला कुठलीच गोष्ट शेवटाला नेता येत नाही, फक्त सांगता येते. बरं वाटलं की पाकीट खिशात आणि रविवारी जळकोट. आक्का दारातूनच ओरडायची, "आला माझा औषधवाला!"

यंदा तिच्या पायात तुरीचा खुंट घुसला. आठवडाभर तिनं डब्यातली रोज वेगळ्या रंगाची गोळी खाल्ली. पाय काळा पडला, अंगात हुडहुडी भरली, तेव्हा सोलापूरच्या दवाखान्यात नेलं. तिथं जखमेतला पू तपासायला पाठवला. रिपोर्ट घेऊन तरुण डॉक्टर खाटेशी उभा राहिला. एकेक औषधाचं नाव वाचायचा आणि पुढं म्हणायचा, "याला जंतू दाद देत नाही." आक्काला नावं कळत नव्हती. तिनं विचारलं, "ती कसल्या रंगाची असती?"

"पांढरी, लांबट."

"हाय. पुढची?"

"लाल-काळी."

"हाय."

डॉक्टर गोंधळला. मी नाही. तो हजेरी घेत होता आणि माझी बहीण डोळे मिटून डब्यातल्या गोळ्या हजर करत होती... सगळ्या हजर होत्या. त्यातल्या निम्म्या मी आणून टाकलेल्या.

"औषध अर्ध्यावर सोडलं की सगळे जंतू मरत नाहीत," डॉक्टर म्हणाला. "त्या औषधाला पुरून उरतात तेच वाढतात. आणि ते एकाच्या अंगात थांबत नाहीत, गावभर फिरतात."

"म्हंजे म्या त्यांची शाळाच काढली की रं बाळू!" आक्का हसली. तिच्या विनोदाला मी पहिल्यांदाच हसलो नाही. मग तिनं माझं मनगट धरलं. हात तव्यासारखा तापलेला. "डबा तुझ्याकडं ने. कुणी मागितला तरी देऊ नको. आन् तू गोळ्या संपवत जा. शेवटची गिळलीस की मला सांगत जा."

"सांगतो," म्हणालो. घरी आलो, आणि दोन दिवसांनी तो फोन.

डब्यातल्या गोळ्या मी त्याच डॉक्टरच्या हवाली केल्या. डबा आता माझ्या कपाटावर असतो. आक्काची सून सांगते, "मामा, ट्रक गेला की रिकामी फळी अजून वाजते. अन् बायका दारात येऊन उभ्या राहत्यात, डबा हाय का म्हणून."

गेल्या पंधरवड्यात माझी दाढ सुजली. पाच दिवसांच्या गोळ्या. तिसऱ्या दिवशी सूज गेली आणि पाकीट धरलेला हात सवयीनं कपाटाकडे गेला. झाकण उघडलं... आत कडवट वास तेवढा होता. मुकाट्यानं झाकण लावलं आणि गोळी गिळली.

पाचव्या दिवशी शेवटची गिळली. रिकामं पाकीट डब्यात टाकलं, डबा कानाशी धरला, डोळे मिटून हलवला. नक्कल नव्हती ती.

"संपवल्या गं आक्का."

आत पाकीट सळसळलं. बराच वेळ सळसळत राहिलं... हात तर मी केव्हाच थांबवला होता.