छत बघणारे साडूभाऊ

देहूरोडपासून चाकणपर्यंतच्या पट्ट्यात जेवढी म्हणून छतं आहेत, त्यांतली निम्मी तरी आमच्या साडूभाऊंनी फरशीवर उताणं पडून पाहिलेली आहेत, हे मी छातीठोकपणे सांगू शकतो. हा गृहस्थ घरात येतो, चपला काढतो, पाणी पितो आणि बसायच्या ऐवजी सरळ आडवा होतो. हा आळस नव्हे, हा त्यांचा धंदा आहे. वर्षानुवर्षं आजारी असणाऱ्या मुलांसाठी ते ॲप बनवतात. टॅबलेट समोर धरला की खोली आहे तशीच दिसते, आणि त्या खोलीत साडूभाऊंनी काढलेली जनावरं हिंडू लागतात. मी वयाने आणि नात्याने मोठा, तरी मला ते पडल्या पडल्याच शिकवतात. "भाऊ, आजारी पोरगं जग उभ्यानं बघत न्हाई. त्याला दिसतो पंखा, ट्यूबलाइट आन डॉक्टरच्या नाकपुड्या. मग चित्र काढणाऱ्यानं आधी तिथं पडाया नगं व्हय?" ताथवड्याला सॅम्पल फ्लॅट बघायला गेलो होतो, तर हे बेडरूममध्ये असे काही पसरले की फिट आली समजून बिल्डरचा माणूस कांदा शोधायला धावला. आमच्या सासूबाई म्हणतात, "जावई गुणाचे आहेत, फक्त उभे असलेले बघायला मिळत नाहीत."

माझ्या मुलीला थॅलेसेमिया आहे. अंगात पुरेसं रक्त तयार होत नाही, म्हणून दर काही आठवड्यांनी तिला वॉर्डात झोपवून बाहेरचं रक्त चढवावं लागतं. लहानपणी सुई टोचेपर्यंत ती रडायची आणि टोचल्यावर हात झटकायची. तिच्यासाठी म्हणून साडूभाऊंनी खास जनावर काढलं, ते त्यांच्या कुरुळी गावच्या घरचा शर्यतीचा बैल, पाखऱ्या. आता कुरुळीच्या माणसाने बैल काढला म्हणजे तो पळणारच. पहिल्याच दिवशी स्टँडला लावलेल्या टॅबलेटमध्ये पाखऱ्या खाटेच्या पायथ्यापासून जो सुटला, तो चादरीवरून धुरळा उडवत थेट उशीपर्यंत आला. शेजारी आडव्या झालेल्या साडूभाऊंनी भान विसरून 'भिर्रर्र' अशी आरोळी ठोकली. मग बैल पळतात त्या शर्यतीच्या घाटात कडेची सगळी माणसं जे करतात तेच आमच्या मुलीने केलं, दोन्ही हात वर उडवले. सुई निघाली, चादर रक्ताने भरली आणि सिस्टरनी साडूभाऊंना खाटेवरून उठवून सांगितलं, "हे परत वॉर्डात आणायचं नाही."

पुढच्या वेळी मुलीने घराच्या दाराची कडी घट्ट धरली. "पाखऱ्या नसेल तर मी नाही येणार." रक्ताची वेळ तर टाळता येत नाही, तिला रडत-ओरडत उचलूनच न्यावं लागलं. असं प्रत्येक वेळी करायचं झालं तर कसं होणार, या विचाराने माझी आणि बायकोची झोप उडाली होती. साडूभाऊंनी मात्र धीर सोडला नाही. ते कुरुळीला गेले आणि गोठ्यात, खऱ्या पाखऱ्याच्या पुढ्यात, आडवे झाले. त्यांच्या वडिलांचा मला फोन, "पाव्हणं, ह्याला कामावरनं काढलं व्हय? गोठ्यात झोपतोय." तिकडून परतले ते खुशीत. "आमी पळता बैल काढला, हितंच चुकलं. बैल पळतो त्यो लोकांसाठी, भाऊ. आपल्यासाठी त्यो बसतो."

नव्या पाखऱ्याला शर्यत ठाऊकच नव्हती. तो खाटेच्या कडेला उभा राहायचा आणि हात हलला की बुजून मागे सरकायचा. सुईचा हात उताणा, उघडा, स्थिर ठेवला तरच बिचकत बिचकत जवळ यायचा, तळव्यावर तोंड टेकवायचा आणि रवंथ करत बसायचा. सिस्टरना तो दाखवताना साडूभाऊ सवयीने म्हणाले, "जरा आडव्या व्हा." सिस्टरनी खुर्चीत बसूनच हात पुढे केला, बैल येईपर्यंत दम धरला आणि म्हणाल्या, "असाच बसणार असेल तर येऊ दे." त्यानंतर दाराची कडी कोणी धरली नाही.

मुलगी आता कॉलेजला जाते. परवा वॉर्डात शेजारच्या खाटेवर एक चिमुरडी रडत होती. आमच्या मुलीने टॅबलेटचा स्टँड आपणहून तिच्याकडे सरकवला. "हात हलवू नकोस हं, तो बुजतो," असं तिला समजावलं, आणि साडूभाऊंकडे वळून म्हणाली, "काका, मला आता नाही लागत." साडूभाऊ "बेस झालं" म्हणाले. रक्त सुरू झालं. आमची मुलगी आईशी परीक्षेच्या गप्पा मारत होती, हाताकडे तिचं लक्षही नव्हतं. तो हात मात्र चादरीवर उताणा, उघडा, जराही न हलता पडून होता. जो माणूस मी कुठल्याही खोलीत धड उभा पाहिला नाही, तो त्या हाताकडे बघत कितीतरी वेळ उभा होता. न राहवून मी खुर्ची पुढे केली.

"नगं, भाऊ," ते हळूच म्हणाले. "हाललो तर बुजंल त्यो."