चाळीस ठिपके

कर्णिक बाईंवर लिहिण्याचा मला अधिकार नाही, हे आधीच सांगतो आणि माफी मागतो. त्यांना माझ्यापेक्षा कितीतरी जास्त ओळखणारी माणसं आहेत. मी गोडदेवच्या शाळेतला त्यांचा एक जुना विद्यार्थी, एवढंच. वडील स्टीलच्या भांड्यांच्या कारखान्यात, आई घरकामाला जाते. आमच्यात कॉलेजची पायरी चढलेला मी पहिलाच. पण बाईंचं एक काम माझ्या हातून बिघडलं, आणि ते आता दुसरं कुणी सांगणार नाही...

बाई सातवीला गणित शिकवायच्या. सरासरी शिकवताना म्हणाल्या, "एका घरात दोन भाऊ. एक दहावी झाला, दुसरा शाळेतच गेला नाही. सरासरीने दोघंही पाचवी पास! मग त्या दुसऱ्याला दे बघू पेपर वाचायला." वर्ग खो खो हसला. मी हसलो नाही, आमच्या घरात वडील तो दुसरा भाऊ होते. बहुलक म्हणजे सर्वांत जास्त वेळा येणारी गोष्ट, हे त्यांनी गैरहजेरीची कारणं फळ्यावर लिहून शिकवलं. ताप, लग्न, गावी गेले... आणि पुन्हा पुन्हा एकच, धाकट्याला सांभाळायचं होतं. "हा आपला बहुलक," म्हणाल्या आणि खडू खाली ठेवला.

शाळा सातवीपर्यंतच होती. आठवीसाठी रेल्वे ओलांडून पलीकडे जावं लागे, आणि मुलींना तिकडे कुणी धाडत नसे. मग सातवीतच वर्ग गळायला लागायचा. बाई घरोघर जायच्या, तर ऐकावं लागे, "पुढं शाला न्हाय, मंग सातवी तरी करून काय करायचा, बाय?" शेवटी त्यांनी आठवीचा वर्ग मिळावा म्हणून अर्ज केला. शिक्षण खात्यातल्या साहेबांना एका नजरेत दिसावं म्हणून सोबत आलेख जोडायचा होता. मी तेव्हा अकरावीत होतो. "तू आता कॉलेजवाला," बाई म्हणाल्या, "आलेख तूच काढ." त्यांनी हजेरीपट माझ्या हातात दिला. मला आभाळ ठेंगणं झालं.

मी दर महिन्याची सरासरी हजेरी काढली. जूनमध्ये पटावर चाळीस नावं होती, रोज तीस मुलं यायची, पंचाहत्तर टक्के. पुढे नावं कमी होत गेली. फेब्रुवारीत पंचवीसच उरली, पण त्यातली बावीस-तेवीस न चुकता यायची. म्हणजे नव्वद टक्के. लाल स्केचपेनने रेघ ओढली. ती सुंदर वर चढली. आलेख मी, आई कामाला जायची त्या कुलकर्ण्यांच्या घरून आणलेल्या मोठ्या पट्टीने आखला होता, बाईंनी तो माझ्या भरवशावर न तपासताच जोडला.

साहेब त्यांना म्हणाले, "बाई, तुमची हजेरी तर वाढतेय! मग अडचण कसली?"

बाई परत आल्या, तेव्हा रागावल्या नाहीत. कागद बाकावर पसरून एवढंच विचारलं, "अरे, शाळा सोडून गेली ती मुलं यात कुठे आहेत?"

"त्यांची नावं कमी केलीत ना, बाई. पटावरच नाहीत."

"हो रे. पण कमी झालेल्यांसाठीच तर चाललं होतं."

मग त्यांनी नवा आलेख कागद काढला. दर महिन्याला चाळीस ठिपके द्यायचे; येणाऱ्याचा भरीव, गेलेल्याचा पोकळ. एकही वगळायचा नाही. मी ठिपके देत होतो आणि बाई पोकळ ठिपक्यांची नावं सांगत होत्या. पट न बघता... मंजू. वनिता. सुनंदा. तो कागद घेऊन त्या पुन्हा गेल्या. त्या वर्षीचे प्रस्ताव पाठवून झाले होते. पुढच्या वर्षी बाई निवृत्त झाल्या. आठवी आजही नाही.

सिल्व्हर पार्कमधल्या त्यांच्या घरी मी एकदाच गेलो. दाराशेजारी तो दुसरा कागद खिळ्याला लावलेला होता. मी चहा अर्धाच ठेवून उठलो. त्यानंतर त्यांनी दोनदा निरोप धाडला, "ये म्हणावं त्याला, त्या कागदाला घाबरू नको, तो घरातलाच झालाय आता." बी.कॉम. झालो की निकाल घेऊनच जाऊ, असं मी ठरवलं होतं. पेपरात संख्याशास्त्र होतं. सरासरीच्या गणितात मला पूर्ण मार्क पडले.

निकाल लागल्यावर पेढे घ्यायला निघालो, तर नाक्यावर वनिता भेटली. पोकळ ठिपक्यांतली. भांड्यांना पॉलिश करायच्या कामावरून येत होती, हात कोपरापर्यंत काळे. मी म्हटलं, बाईंकडे चाललोय, तूही चल.

"तुला न्हाय कलला, दादा? तीन हप्तं झालं. शाला सोडलेल्या आमी सगल्या गेलतो, मंजू तर पार वसईवरना आली. एकमेकींना सांगत गेलो..." ती थांबली. "तुजा नाव कोनाच्या ध्यानातच न्हाय आला रे. बाई गेल्या."