शमुवेलप्पांचं ‘मी’

शमुवेलप्पांची सुशीला गेली, त्याच्या दुसऱ्या दिवशी सकाळी तिची आई मार्थाबाई उदगीरकडच्या गावाहून जीपनं आल्या. ऐंशीला टेकलेली बाई. लेकीच्या तोंडावरून हात फिरवून झाला, रडून झालं, आणि मग त्यांनी माझा हात धरून विचारलं.

"टीचरबाई, तुमचे पाळक कानडीत बोलत्यात म्हनं. माज्या लेकीचं काय सांगायलेत ते मला कळंल का वो?"

प्रश्न साधा होता. आमच्या चर्चमध्ये गेली पंचवीस-तीस वर्षं त्याचं एकच उत्तर होतं: शमुवेलप्पा सांगतील की. पण आज शमुवेलप्पा शवपेटीशेजारी सतरंजीवर बसले होते, बायकोच्या उशाशी. त्यांना कोणत्या तोंडानं म्हणायचं की उठा आणि भाषांतर करा?

"कळेल मावशी," मी म्हणाले. कसं कळेल ते मला ठाऊक नव्हतं.

आमचं गाव कमलनगर तालुक्याच्या अगदी टोकाला. बांध ओलांडला की महाराष्ट्र. चर्चमध्ये निम्मी घरं कन्नड बोलणारी, निम्मी मराठी. भाजीचा भाव करण्यापुरतं आणि भांडण्यापुरतं कन्नड सगळ्यांनाच येतं. पण पापक्षमा आणि नीतिमत्त्व हे शब्द बाजारात कोण विकतंय? पाळक येतात ते बीदरहून नाहीतर कलबुर्गीकडून, दर तीन-चार वर्षांनी नवे, आणि प्रवचन करतात ते कन्नडमध्ये. त्यांच्या डाव्या हाताला, एक पाऊल मागं, शमुवेलप्पा उभे राहायचे. पाळकांचं एक वाक्य, की त्यांचं एक वाक्य. मला दोन्ही भाषा येत असल्यामुळं प्रत्येक प्रवचन मला दोनदा ऐकावं लागे. काही पाळकांच्या बाबतीत ही शिक्षा होती, हे इथंच सांगून टाकते.

बाकीचे सहा दिवस शमुवेलप्पा जीपच्या अड्ड्यावर गाड्यांचे नंबर लावत आणि ‘उदगीर, उदगीर’ म्हणून ओरडत. आवाज असा की पलीकडच्या हॉटेलातला चहा पिणारा माणूस कप टाकून पळत यायचा. रविवारी तोच आवाज कसा मऊ होई, कोण जाणे. चर्चचं कुलूप तेच काढत, झाडून घेत, सतरंज्या अंथरत, पिण्याच्या पाण्याची घागर भरून ठेवत, आणि उपासना संपली की लेकरांनी टाकलेले बिस्किटांचे कागदही तेच वेचत. सुशीला वैतागायची. "घरचा नळ गळायलाय टीचर, आन् हे चर्चची टाकी नीट करायलेत. आता म्याच चर्चमदी जाऊन ऱ्हाते, म्हंजे माज्याकडं बी बघतील." शमुवेलप्पा हसत. नळ मात्र गळतच राही.

त्यांचा एक नियम होता. पाळक ‘मी’ म्हणाले की हेही ‘मी’ म्हणत. ‘पाळकसाहेब असं म्हणतात’ हे शब्द त्यांच्या तोंडून कधी निघाले नाहीत. मी एकदा विचारलं, अहो, लोकांचा घोटाळा होतो, असं का करता? तर म्हणाले, "आईकणाऱ्याला वाटलं पायजे का पाळकच आपल्याशी बोलायलेत. मधी मी कामून पायजे?"

घोटाळा व्हायचाच. एक पाळक होते, त्यांना आपल्या मुलाचं भारी कौतुक. एका रविवारी ते म्हणाले, माझा मुलगा बंगळूरला इंजिनियर आहे, पण परमेश्वरापुढं मी भिकारीच. शमुवेलप्पांनी जसंच्या तसं मराठीत सांगितलं. उपासना संपल्यावर पाहुणी आलेली एक म्हातारी थेट त्यांच्यापाशी आली, हातात हात घेतला आणि आपल्या नातवाला बंगळूरला चिकटवून द्या म्हणून गयावया करू लागली. शमुवेलप्पांनी हात जोडले. "माय, त्यो पाळकसाहेबांचा पोरगा. माजं त्यात कायबी न्हाई." आम्ही पोट धरून हसलो. मग माझ्या लक्षात आलं की या दोघांना मूलबाळ नाही, आणि मी हसणं आवरलं. सुशीलाच म्हणाली, "ऱ्हाऊ द्या वो. अर्धा तास तरी इंजिनियरचे बाप झालते की." आणि दोघंही हसत हसत घरी गेली.

त्यांची मराठी मला खटकायची, हे लपवण्यात अर्थ नाही. मी शाळेत शिकवते. ख्रिस्तानं स्वतःला रिक्त केलं आणि लीन केलं, असं वचन आहे; शमुवेलप्पा दोन्हींना ‘खाली झाला’ म्हणायचे. रिकामा झाला तेही खाली, आणि वरून उतरला तेही खाली. इकडं उर्दूच्या सावलीत वाढलेल्या माणसाला त्यात काही वावगं वाटत नाही. मी म्हटलं, पहिल्या ठिकाणी ‘रिक्त’ म्हणा. त्यांनी मान डोलावली आणि पुढच्या खेपेला अगदी ठासून ‘रिक्त’ म्हटलं. मागून एक आजी मोठ्यानं म्हणाल्या, "प्रभूनं रिक्षा केली? कुठं जायला?" त्यानंतर ते पुन्हा ‘खाली’वर आले ते आलेच. माझं मत बदललेलं नाही. पण मंडळीला ‘खाली’ कळत होतं, आणि शमुवेलप्पांना तेवढं पुरे होतं.

हे काम त्यांच्याकडं आलं कसं, ते त्यांनी कधी सांगितलं नाही. कुणी विचारलं तर "मंडळीची सेवा हाय" एवढंच म्हणत. खरं कारण मला सुशीलानं सांगितलं, तिच्या दुखण्यात. लग्न होऊन आली तेव्हा तिला कन्नडचा एक शब्द कळत नव्हता. बायका एका बाजूला, पुरुष दुसऱ्या बाजूला. ती भिंतीकडं बघत बसायची. घरी जाताना नवऱ्याला विचारायची, आज काय सांगितलं वो? तो वाटेनं सांगायचा, पण निम्मं विसरलेला असायचा. असे काही रविवार गेले. मग एके दिवशी प्रवचन सुरू असताना हा गडी उठला आणि तेव्हाच्या पाळकांना म्हणाला, मराठी घरांसाठी मी सांगू का? मराठी घरं आधीपासून तिथंच होती. त्यांनी कधी तक्रार केली नव्हती.

"सगळ्यायला वाटतंय मंडळीसाठी," सुशीला म्हणाली. "माज्यासाठी सुरू केलं त्यानी. मला सांगितलं न्हाई कधी. पर मला कळतंय की."

पुढं तिला कन्नड चांगलं यायला लागलं. तरी प्रत्येक रविवारी ती मान वर करून ऐकायची ती शमुवेलप्पांचीच बाजू. पाळक बोलत असताना ती पदर नीट करत बसे.

मग दुखणं लांबलं. शेवटचं वर्षभर ती अंथरुणावरच होती. शमुवेलप्पा अड्ड्यावर अर्धा दिवसच जाऊ लागले. तिचं अंग पुसणं, भाकरी कुस्करून भरवणं, केस विंचरणं, सगळं त्यांनीच केलं. वेणी इतकी वाकडी घालत की मीच जाऊन सोडायची आणि पुन्हा घालायची. रविवारी तेवढे दोन तास शेजारीण बसायची. ते यायचे, झाडायचे, एक पाऊल मागं उभे राहायचे, आणि आशीर्वाद झाला रे झाला की चप्पल पायात नीट न घालताच घराकडं निघायचे.

आताचे पाळकसाहेब याच काळात आले. पोरगेलेसे, कलबुर्गीकडचे, मराठी जवळजवळ येत नाही. मन चांगलं आहे, बोलणं सरळ आहे. सुशीलाला ते तिच्या घरी भेटले असतील दोन-तीनदा.

तर त्या दिवशी चर्चच्या सेक्रेटरींनी मला बाजूला घेतलं आणि म्हणाले, टीचरबाई, आज तुम्ही उभ्या राहा. मी हो म्हटलं. मार्थाबाईंना पहिल्या ओळीत, पेटीच्या समोर बसवलं. गीत झालं, वाचन झालं. पाळकसाहेब बोलायला उभे राहिले आणि मी एक पाऊल मागं उभी राहिले.

पहिलं वाक्य झालं. मी म्हणाले, "पाळकसाहेब म्हणतात की आज आपण दुःखात जमलो आहोत." दुसरं झालं. "ते म्हणतात की..." आणि माझी नजर पेटीत गेली. कुणीतरी तिची वेणी घातली होती. वाकडी होती. मला रडू फुटलं. मार्थाबाई पुढं वाकून, कानामागं हात धरून बसल्या होत्या. "काय म्हन्ली? काय म्हनायलेत?" त्या शेजारच्या बाईला विचारत होत्या. मी सुरू करायची आणि हुंदका यायचा. भर सभेत अशी अवस्था झाली की भुई फाटून पोटात घेईल तर बरं.

तेवढ्यात शमुवेलप्पा उठले.

"जावईबापू, ऱ्हाऊ द्या," मार्थाबाई म्हणाल्या. "तुमी बसा."

त्यांनी फक्त मान हलवली. माझ्या जागेवर येऊन उभे राहिले, खिशातल्या रुमालानं तोंड पुसलं आणि पाळकसाहेबांना हातानं खूण केली, बोला.

पाळकसाहेब घुटमळले, मग बोलू लागले. कन्नड वाक्य, मग मराठी. पुनरुत्थानाचं वचन सांगितलं, नेहमीच्या आवाजात, न अडखळता. मार्थाबाईंनी कानामागचा हात खाली घेतला. आणि मग त्या सरळ माणसानं, खोटं बोलवत नाही म्हणून, कन्नडमध्ये एक खरं वाक्य उच्चारलं. ते मला आधी कळलं. सगळी कन्नड बाजू खाली मान घालून बसली. पुढं काय होणार, ते त्यांनाही दिसत होतं. अहो, बदला की जरा, मी मनात ओरडत होते, ‘पाळकसाहेब म्हणतात’ असं म्हणा, आजचा दिवस म्हणा!

शमुवेलप्पा थांबले. पेटीकडं बघितलं. मग म्हणाले,

"मी या बहिणीला फारसं ओळखलं नाही."

मराठी बाजूच्याही माना खाली गेल्या. पाळकसाहेबांना काय झालं ते कळलं नसावं. ते पुढं बोलत राहिले आणि शमुवेलप्पाही.

"मी तिच्यासाठी प्रार्थना करायला तिच्या खाटेशी बसलो. तिनंच मला विचारलं, तुम्ही जेवलात का?"

आता आवाज चिरकत होता. जीपच्या अड्ड्यावरचा तो आवाज कसाबसा पहिल्या ओळीपर्यंत पोचत होता. तरी एकही शब्द त्यांनी गाळला नाही.

"मला वाटायचं, मी तिची सेवा करायला आलो आहे. सेवा तीच माझी करत होती."

मग पाळकसाहेब मार्थाबाईंकडं वळले, हात जोडले आणि मंडळीच्या वतीनं बोलले. शमुवेलप्पाही वळले. सासू आणि जावई समोरासमोर आले.

"आई, तुम्ही तुमची लेक आम्हाला दिलीत. तिला सांभाळण्यात आमच्याकडून काही उणं राहिलं असेल, तर क्षमा करा."

प्रवचनाच्या मध्ये कुणी उत्तर देत नाही. पण मार्थाबाईंना कोण सांगणार? शेजारच्या बाईच्या खांद्याचा आधार घेऊन त्या उभ्या राहिल्या. जावयाला जन्मभर ‘तुमी’ म्हटलेली बाई.

"न्हाई रे बाबा," त्या म्हणाल्या. "तुलाच दिलती की. कायबी उणं न्हाई केलास तू."

शमुवेलप्पांचे खांदे हलायला लागले. पाळकसाहेबांना हे मराठीतलं समजलं नव्हतं. त्यांनी हळूच वाकून विचारलं, "अम्मा एन् अंद्रु?" आई काय म्हणाल्या?

आम्ही सगळे वाट बघत राहिलो. इतक्या वर्षांत या माणसानं कुणाचं एक वाक्य अलीकडून पलीकडं न्यायचं ठेवलं नव्हतं.

"ननग अंद्रु," ते म्हणाले. मला म्हणाल्या. एवढंच सांगितलं, आणि ते वाक्य कन्नडमध्ये नेलं नाही. स्वतःजवळच ठेवलं.